दप्तर कुणाच्या घरात आहे?

(हिंगोली येथील तरुणांच्या स्थानिक इतिहास मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर तुम्ही मला 'प्रमुख पाहुणे' करून ठेवलंय. मी कसला पाहुणा? बाप वसमतकडं सालगडी होता, माय हळद काढायला जायची. हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती तेव्हापासून मी या गावात पायपीट केलीय. ही शाल आणि हा नारळ परत घ्या. दुकानदार घेत असेल तर पैसे आणा आणि त्या पैशात झेरॉक्स काढा. कशाच्या, ते पुढं सांगतो.

तुमचा वर्षाचा अहवाल काल रात्री वाचला. दोनदा वाचला. औंढा नागनाथची सहल. नर्सीची सहल. एका बारवेतला गाळ काढला. वीरगळांचे फोटो. १७ सप्टेंबरला झेंडावंदन. 'हिंगोलीचा गौरवशाली इतिहास' या विषयावर निबंधस्पर्धा, पहिलं बक्षीस भिंतीवरचं घड्याळ. कामं वाईट नाहीत. गाळ काढणाऱ्या पोरांच्या हाताला फोड आले असतील, ते मी नाकारत नाही. पण अहवाल खाली ठेवला आणि मला प्रश्न पडला, की हा अहवाल गावातल्या त्या जुन्या, शहाण्यासुरत्या मंडळाच्या अहवालापेक्षा वेगळा कुठं आहे? तेच देऊळ, तीच बारव, तोच गौरव. आपण फक्त सुरुवातीला जयभीम घातलं. सबंध अहवालात तुमची वस्ती एका ओळीत आली आहे : 'सभेसाठी समाजमंदिर उपलब्ध करून दिल्याबद्दल आभार.'

म्हणजे वस्तीनं सतरंजी दिली. इतिहास दुसऱ्यांनी दिला.

औंढ्याला गेलात ना? काय बघितलं? बारा ज्योतिर्लिंगांतलं एक, यादवांच्या काळातलं दगडी काम, भिंतीवरचे हत्ती. आणि नंदी मागच्या बाजूला का, हेही कुणीतरी सांगितलं असेल. नामदेव कीर्तन करत होता, त्याला पुढून हाकललं, तो मागं जाऊन बसला आणि देऊळच त्याच्याकडं फिरलं. माणसं ही गोष्ट हात जोडून सांगतात. मी म्हणतो, हात मोकळे ठेवून ऐका. देऊळ फिरलं का नाही ते सोडा, दगड फिरत नसतात. पण हाकललं, हे लोकांनी सातशे वर्षं लक्षात ठेवलं. या जिल्ह्यात जी गोष्ट सगळ्यात जास्त तोंडांनी सांगितली गेली, ती एका शिंप्याला देवळापुढून उठवल्याची गोष्ट आहे. शिलालेखात ती सापडायची नाही. उठवणारे कशाला शिलालेख कोरतील?

त्याच नामदेवाची दुसरी गोष्ट. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, कूस कोसळलं, चोखोबा त्याखाली मेला. परंपरा साल सांगते १३३८. नामदेव तिथं गेला, ढिगारा उपसला, आणि ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' असा आवाज आला ती चोख्याची म्हणून उचलून पंढरपूरला आणली. चमत्कार बाजूला काढा. मागं काय उरतं? ढिगाऱ्याखाली कितीतरी मजूर होते. एकाची हाडं ओळखू आली, कारण त्याचे अभंग होते. बाकीच्यांच्या हाडांनी आवाज दिला नाही, म्हणून ती तिथंच राहिली. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं. चोख्याला न्याय मिळाला. त्याच्या शेजारी दगडाखाली होता तो कोण? तुमच्या मंडळाचं काम त्याच्यापासून सुरू होतं.

लांब जाऊ नका. याच गावात हिंडा. पलटन. रिसाला बाजार. तोफखाना. पेन्शनपुरा. सदर बाजार. निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी १९०३ पर्यंत इथं होती. फौज गेली, नावं राहिली. यावर लिहिणारे लिहितात ते कर्नल कोण आणि तोफा किती, एवढंच. अरे, रिसाला म्हणजे घोडे. घोडा गवत खातो. गवत कोण कापून आणत होतं? घोडा लीद टाकतो. ती कोण उचलत होतं? खोगिराचं चामडं कुणी कमावलं? पेन्शनपुऱ्यात पेन्शन कुणाला मिळाली आणि कोण पेन्शनीशिवाय मेलं? हे चार प्रश्न खिशात घालून त्या मोहल्ल्यांतून एक रविवार हिंडा. निबंधस्पर्धेपेक्षा जास्त हाती लागेल.

आता जरा गरम विषयाकडं येतो.

२०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधायला. तहसिलीतली दप्तरं निघाली, शाळांची रजिस्टरं निघाली, मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे हुडकून आणले गेले. २०२५ च्या २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला. आज या गावात चहाच्या टपरीवर उभा असलेला माणूससुद्धा 'गॅझेट' म्हणतो. मला याचा राग नाही. ज्याची नोंद असेल त्याला ती मिळो. आरक्षणाचं भांडण आज माझ्या पिशवीत नाही. मला यातून एकच गोष्ट दिसली : सरकारनं मनात आणलं की शंभर वर्षांचं दप्तर उघडतं, धूळ झटकली जाते, मोडी वाचणारा म्हातारा एका दिवसात सापडतो. मग आमच्या पोरीला 'एकोणीसशे पन्नासच्या आधीचं आण' म्हणून खिडकीवरून माघारी लावतात, तेव्हा हे दप्तर कुठं मेलेलं असतं?

१० ऑगस्ट १९५०. ही तारीख किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. ... बघा. ज्यांनी व्हॅलिडिटीसाठी चपला झिजवल्यात त्यांचेच हात वर आहेत. अनुसूचित जातीच्या दाखल्याला ही तारीख. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. त्याच्या आधी तुझा आजा या मुलखात होता, हे सिद्ध कर. ज्या आज्याकडं वीतभर जमीन नव्हती त्याचं नाव जमिनीच्या कागदावर कुठून यायचं? ज्या आज्याला शाळेच्या आत घेतलं नाही त्याचं नाव हजेरीपटात कोण लिहिणार? जातीनं ज्याला कागदापासून लांब ठेवलं, त्यालाच जात सिद्ध करायला कागद मागतात. हा विनोद कुणी केलाय ते कळत नाही, पण हसायला आम्हालाच बोलावतात.

माझ्या पुतणीचं असंच अडलं होतं. आज्याचा काही मागमूस नाही. शेवटी आज्याच्या धाकट्या भावानं दोन वर्षं शाळा केली होती असं एका म्हातारीनं सांगितलं. शाळा शोधली. रजिस्टर निघालं, पण उर्दूत. निजामाचा कारभारच उर्दूत. मग पेन्शनपुऱ्यात एक रिटायर उर्दू मास्तर होते, त्यांच्याकडं झेरॉक्स घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्याला भिडवला, आणि बोट ठेवून म्हणाले, "बेटा, ये देखो. नाम. वालिद का नाम. कौम, महार." माझ्या घराण्यातल्या माणसाचं नाव पहिल्यांदा कुठंतरी लिहिलेलं दिसत होतं आणि ते मला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. बिनसाखरेचा चहा घेतला आणि जुन्या हिंगोलीच्या तासभर गोष्टी सांगितल्या.

म्हणून तुम्हाला सांगतो, मंडळात दोघांनी उर्दू शिका, दोघांनी मोडी शिका. मोडी शिकायला काही महिने पुरतात. उर्दू शिकवणारे शेजारच्या गल्लीत बसलेत, दुपारभर रिकामे, बोलायला माणूस मिळावं म्हणून आसुसलेले. ते गेले की निजामाचं दप्तर आपल्याला मुकं होईल. आणि त्यांच्या घरातही इतिहास आहे, १९४८ च्या सप्टेंबरानंतरचा. तो आपण १७ तारखेला झेंडा लावताना सोयीनं विसरतो. तोही ऐका. झेंडा लावा, आणि तोही ऐका.

वि. का. राजवाड्यांचं नाव घेतलं की आपल्यातले काही तोंड वाकडं करतात. करा. त्यांच्या मतांशी माझंही भांडण आहे. पण त्या माणसाचे पाय बघा! १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढं बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, माळ्यावरच्या, उंदरांनी कुरतडलेल्या कागदांतून. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ते गेल्यावर १९२७ साली धुळ्याला त्यांच्या नावाचं मंडळ निघालं. पण दारं कुणाची वाजवली? ज्यांच्या घरात कागद होता त्यांची. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार. लिहिणं त्यांच्याकडं, म्हणून कागद त्यांच्याकडं, म्हणून इतिहास त्यांचा. आपण त्यात येतो ते कुलकर्ण्याच्या लेखणीच्या टोकावर : अमका येसकर, वेठीला धरला, इतका दंड घेतला. पुढं काही नाही. त्या येसकराला काय वाटलं ते कुलकर्ण्यानं कशाला लिहावं?

राजवाड्यांचे पाय घ्या. दारं आपली वाजवा.

आपल्या दारात काय निघतं? मी गेली काही वर्षं हेच करत हिंडतोय, म्हणून सांगतो. डालड्याच्या डब्यात पावत्या निघतात. बाबासाहेबांच्या फोटोच्या मागं, फ्रेम आणि पुठ्ठ्याच्या मध्ये घडी घातलेले कागद निघतात. चोरापासून आणि पावसापासून तीच जागा सुरक्षित! लोकांना वाटतं त्या रद्दीत काय आहे. त्या रद्दीत जमीन आहे.

गायरानाचं सांगतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसांनी तुरुंग भरले. त्याच्या आगेमागे आणि नंतरही मराठवाड्यात गावोगाव आपल्या लोकांनी पडीक गायरानात नांगर घातला. दगड वेचले, मार खाल्ला, पिकात गुरं घातली गेली ती सोसली. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय सांगतो की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायची. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची घातली, पण काम तारखेनं होत नसतं. पुरावा पाहिजे. पुरावा म्हणजे काय? तलाठ्याकडं गाव नमुना १-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. तिच्यात नाव आहे का? दंड भरल्याची पावती आहे का? पंचनामा आहे का? आणि बघा, ज्या दंडानं आपल्याला चोर ठरवलं, तीच दंडाची पावती आता मालकीच्या बाजूची साक्षीदार आहे. बाप दंड भरून आला आणि रागानं पावती चुलीत घातली, तर पोराची जमीन चुलीत गेली.

२०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून निकाल दिला. भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनीचा अपवाद त्या निकालातच ठेवलेला आहे, हे नोटीस घेऊन येणारा सांगत नाही. २०२२ साली मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. तेव्हा आमच्याकडं माणसं रात्री आली. "काय दाखवावं?" म्हणून. ज्याच्याकडं पावत्या होत्या त्याच्या आवाजात दम होता. ज्याच्याकडं नव्हत्या तो आभाळाकडं बघत होता. हाच इतिहासाचा उपयोग. दुसरा कुठला असेल तर मला शिकवा.

यातलं बाबासाहेबांच्या घरचंच उदाहरण घ्या. एवढा मोठा माणूस. पण १९५६ नंतर त्यांची हस्तलिखितं कितीतरी वर्षं पेट्यांत कुलूपबंद, कोर्टकज्ज्यात पडून राहिली. सरकारनं त्यांच्या लेखनाचा पहिला खंड काढला तो १९७९ साली. वसंत मून नावाचा माणूस त्यासाठी हाडाची काडं करत होता म्हणून निघाला. घटना लिहिणाऱ्याच्या कागदांची ही गत, तर डालड्याच्या डब्याला कोण विचारतो.

आता मी तुम्हाला माझी फजिती सांगतो.

कयाधूच्या काठचं एक गाव. नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. आम्ही तिघं गेलो होतो. माझ्या डोक्यात एक खूळ होतं. येसकराची ती काठी, खाली घुंगरं लावलेली, जी घेऊन आमचा आजा गावात 'जोहार' घालत फिरायचा आणि दारोदार भाकर मागायचा, ती एक तरी मिळवायची. काचेच्या पेटीत ठेवायची. खाली पाटी लावायची. गावातल्या मंडळाकडं तलवार आहे, आपल्याकडं काठी पाहिजे, असला हिशेब.

गावात एक आजी होती, नव्वदीच्या घरातली. ओट्यावर बसली होती. मी विचारलं, "आजी, येसकरकीची काठी असंल का कुठं घरात?" तिनं माझ्याकडं इतका वेळ बघितलं की मला खाली बघावं लागलं. मग म्हणाली, "ती काठी मव्ह्या घरधन्यानं कयाधूच्या पुरात सोडली. लेकरायच्या हाती लागू नये म्हणून सोडली. आन् तू लेकरू, शिकलेला, ती हुडकायलास व्हय?"

पुढं मला बोलता आलं नाही. खरंच आलं नाही. तिघंही मुकाट बसलो. तिच्या सुनेनं चहा आणला.

छप्पन सालानंतर गावोगाव आपल्या माणसांनी हेच केलं. देव पाण्यात सोडले, काठी सोडली, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. सोडणं हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं. आणि आपण वस्तुसंग्रहालय काढायचं म्हणून त्यांनी सोडलेलं गोळा करायला निघालो! जुन्या मंडळाची नक्कल करायला गेलं की असं होतं. त्यांच्या आज्यानं तलवार जपून ठेवली, कारण तलवारीनं त्याला जहागिरी दिली. आमच्या आज्यानं काठी फेकली, कारण ती काठी आम्हाला खाली वाकवत होती.

मग चहा झाल्यावर मी चूक सुधारली. म्हणालो, "आजी, काठी ऱ्हाऊ द्या. सोडली त्या दिवशी काय झालं ते सांगता का?" आणि ती बोलायला लागली. भाकर मागायला येसकर आला नाही म्हणून गावानं काय केलं. दुकानदारानं मीठ द्यायचं बंद केलं. गिरणीवाल्यानं पायली परत पाठवली. मग रातच्याला जातं. हात सोलून निघालेले. पाणी नदीतल्या झिऱ्याचं, उन्हाळ्यात वाटीवाटीनं. सहा महिने. बाया जात्यावर गात होत्या, आणि ओवीत आता विठोबाच्या जागी भीमराव आला होता. तिनं गाऊन दाखवलं. डोळे मिटून. आम्ही भान हरपून ऐकत बसलो, आणि नंतर कळलं की ज्या पोरानं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं होतं त्याची बॅटरी मधेच संपली होती. दोन मिनिटं मिळाली, तीही कोंबड्याच्या आवाजाची. पंधरा दिवसांनी परत गेलो तर म्हणाली, "सांगितलं की एकदा. तेच ते काय?"

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखावर ओव्या जमवल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. माजलगाव इथून किती लांब आहे? आपल्या भीमनगरात कुणी विचारलं का? तीस-चाळीस वर्षांपूर्वी ते करणारे बाहेरून आले. आता आपण करायचं तर जातं बंद झालंय आणि गळे थोडे उरलेत. छप्पन साली पंधरा वर्षांची असलेली पोर आज पंच्याऐंशीची झाली.

आणि गावाचं नाव का सांगत नाही? निघताना आजी म्हणाली, "लिहून घे बाबा. पण नाव घालू नको. नातू त्यायच्याच वावरात ट्रॅक्टर चालवतो." हे पुण्याच्या मंडळाला कधी शिकावं लागलं नसेल. त्यांचे शत्रू पानिपतात मेले. आपल्याशी वैर धरणारा शेजारच्या बांधावर उभा असतो आणि संध्याकाळी मजुरी त्याच्याच हातून घ्यायची असते. म्हणून मंडळात दोन वह्या करा. एक दाखवायची, एक कुलपातली. कुलपातल्या वहीतलं आजीच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय बाहेर काढायचं नाही. कुणी कितीही मोठा प्रोफेसर मागायला येवो.

हे अठ्ठ्याहत्तर सालाला तर जास्तच लागू आहे. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. आपण त्या दिवशी कमानीवर लाइटिंग करतो, डीजे लावतो. अत्याचारविरोधी समितीनं हिंडून दंगलीचा अहवाल केला, तो १९७९ साली छापून आला. त्यांनी बाहेरून येऊन केलं. आपल्या जिल्ह्यातल्या किती वस्त्यांची यादी आपल्याकडं आहे? कुणाचं छप्पर जळालं, कोण रातोरात पुसदकडं निघून गेलं आणि परत आलंच नाही, भरपाई किती मिळाली, कुणाला मिळाली, आणि ज्या एखाद्या पाटलानं स्वतःच्या वाड्यात आपल्या बायामुलांना लपवलं, त्याचं नाव? तेही लिहा. तेव्हा पंधरा वर्षांचं असलेलं पोर आज साठी ओलांडून बसलंय, पान खात, बसस्टँडवर. विचारलं तर सांगतो. विचारत कुणी नाही.

आता जरा आपल्याला लागेल असं बोलतो. चिडू नका. चिडलात तरी चालेल.

आपल्याला गौरवाचा नाद लागलाय. बेदरच्या बादशहानं अमृतनाक महाराला बावन्न हक्कांची सनद दिली ही कथा आपले म्हातारे छाती फुगवून सांगत. कथा मोठी आहे, माणूस शूर आहे, सगळं मान्य. पण ते हक्क वाचा ना! मढ्यावरचं कापड. मेलेलं ढोर. खळ्यावरची रास उचलल्यावर खाली उरलेलं धान्य. शूर माणसाला मिळालं काय, तर उष्ट्याचा हक्क, आणि त्यालाच सनद म्हणायचं! ही कथा जपायचीच. पण फ्रेम करून लावायची नाही, वाचायची.

दुसरं. मंडळाच्या कार्यकारिणीत नऊ जण, नऊही बौद्ध, नऊही पुरुष. मांगवाडा याच गावात आहे. ढोर, चांभार, मेहतर, पारधी, बंजारा इथंच आहेत. आपण ब्राह्मणाला म्हणतो तू आमचा इतिहास लिहिला नाहीस. मांगाचं पोर आपल्याला तेच म्हणेल तेव्हा कुठं तोंड लपवाल? महारवाड्याची विहीर मांगाला खुली होती का, हा प्रश्न आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. उत्तर गोड नसेल. लिहून घ्या.

आणि बाया. आज त्या मागं दाराशी बसल्यात, चहाची किटली घेऊन. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घराघरांत जाऊन बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं, १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. तोवर त्या बायकांची गोष्ट फोटोतल्या पाठीमागच्या रांगेसारखी होती. हिंगोलीतली रांग कोण पुढं आणणार? येत्या वर्षी निम्मी कार्यकारिणी बायांची करा, नाहीतर मला बोलावू नका.

मंडळ कसं टिकतं तेही बघून या. कन्नड तालुक्यात मक्रणपूर नावाचं गाव आहे. १९३८ च्या ३० डिसेंबरला भाऊसाहेब मोऱ्यांनी तिथं परिषद भरवली. 'जयभीम' हा जयघोष पहिल्यांदा इथंच दिला गेला, असं तिथले लोक सांगतात. आजही लोक तिथं त्या दिवसाची आठवण म्हणून जमतात. बायामाणसं, भाकरी बांधून. म्हातारं माणूस नातवाला बोट करून दाखवतं, इथं मांडव होता. सरकारी अनुदान नव्हतं तेव्हापासून चाललंय.

अनुदानावरनं आठवलं. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा होतेय. केंद्रानं २०२३ साली २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन तारे आदळले त्याची थरथर ती ऐकणार. मला याचं कौतुक आहे, विज्ञानाचं मी कधी वाईट बोलणार नाही. पण तिथून हाकेच्या अंतरावर एखादी आजी सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत बसली असेल आणि आपल्या पोराच्या मोबाइलला चार्जिंग नसेल, तर नवल आहे बुवा.

आता कामाचं. तुमच्यात वाद चाललाय म्हणे, मंडळ रजिस्टर करायचं का नाही, अध्यक्ष कोण, लेटरहेडवर फोटो कुणाकुणाचे. तो वाद वर्षभर चालू द्या, मजा येते. दरम्यान विहारात वर्षावासाचं वाचन चालतं, तेव्हा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून झाल्यावर अर्धा तास मागा. त्या वेळेला सगळी वस्ती जमलेली असते, आपल्याला वेगळी सभा लावायची गरज नाही. प्रत्येक घराला सांगा, पुढच्या खेपेला फोटोच्या फ्रेममागचा कागद घेऊन या. मूळ कागद त्यांचा त्यांच्याकडं. आपण फक्त नक्कल काढायची आणि पावती द्यायची. मूळ कागद मंडळानं ठेवून घेतला तर आपण नवे कुलकर्णी झालो. वहीत लिहायचं : कुणाच्या घरी, कुठल्या डब्यात, कुणी दिला, तो काय म्हणाला. वाचता येत नसेल त्या कागदावर तारखेचा अंदाज लिहू नका. उर्दू असेल तर पेन्शनपुऱ्यात न्या, बिनसाखरेचा चहा न्या.

माझा हिशेब असा. शाल आणि नारळ मिळून तीनशे धरा. झेरॉक्स दोन रुपयाला एक. दीडशे पानं होतात. गायरानवाल्या एका घरात दंडाच्या पावत्या आणि नोटिसा मिळून वीस-पंचवीस कागद निघतात. म्हणजे सहा घरं. खाली भीमनगरात शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा, तिथली छपरं गळतात आणि मृगाला फार दिवस नाहीत.

शालीचं दुकान नऊला बंद होतं. कोण जातंय?